वसतिगृहातल्या फोनचं कुलूप

केरू कांबळे रहिमतपूरच्या पोलीस ठाण्यात आला तेव्हा त्याच्या एका पायात चप्पल नव्हती.

“सायेब, माझी पोरगी घावंना.”

हवालदार नाथाजीनं त्याला बसायला सांगितलं. तो बसला नाही. उभ्यानंच बोलला. मुलगी दीक्षा, दहावीला. म्हसवडजवळच्या वस्तीवरची, इथं मुलींच्या वसतिगृहात राहून शिकणारी. बोर्डाची परीक्षा चालू होती, आज गणिताचा पेपर. केरूची बायको भामाबाई आजारी होती. चार दिवसांपूर्वी तिला म्हसवडहून सांगलीच्या दवाखान्यात हलवलं होतं.

“काल डॉक्टर म्हणलं, कुणाला बोलवायचं तर बोलवा. मी दुपारी हितल्या वसतिगृहात फोन केला. बाईमाणसानं उचलला. म्हटलं, दीक्षाच्या आयला सांगलीला आणलंय, लय थोडा येळ हाय, पोरीला लावून द्या. ती म्हणली, बरं, सांगते. रातभर मी दवाखान्याच्या दारात हुतो. आली न्हाई. पहाटंच्या गाडीनं निघून आलो, तर हितं बी न्हाई.”

“भामाबाई शुद्धीत हाय?”

“हाय. दार वाजलं की बघती.”

नाथाजीनं टोपी उचलली. गेल्या साली त्याची बायको अशाच एका खाटेवर गेली होती. त्यानं आणखी काही विचारलं नाही.

वसतिगृहाच्या ओसरीत टेबलावर काळा फोन होता. डायलमध्ये लहानसं कुलूप. आलेला फोन उचलता येई, बाहेर लावता येत नसे. वर भिंतीवर पाटी: विद्यार्थिनींनी फोनला हात लावू नये.

मुख्याध्यापक मधुकर सर घाम पुसत उभे होते. शेजारी अधीक्षिका गोदावरीबाई.

“किल्ली कुणाकडं?”

“माझ्याकडे,” सर म्हणाले. “रात्री घरी नेतो. हवालदार, स्पष्ट बोलतो. या वयाच्या मुली. कुणाबरोबर तरी...”

“मास्तर,” केरू म्हणाला, “तिची आय मरायला टेकलीया.”



“काल दुपारी फोन कुणी घेतला?” नाथाजीनं विचारलं.

“मी नाही,” गोदावरीबाई म्हणाल्या. “मी मुलींना प्रश्न घालत होते.”

सरांनी स्वयंपाकघराकडं बोट केलं. “रंगुबाई असेल. विसरली असेल सांगायला.”

रंगुबाई पदराला हात पुसत आली. “आवं, मी त्या डबड्याला कवा हात लावत न्हाई. कानात वाजलं की मला भ्या वाटतं. माझं काम भाकरीचं.”

“आज किती केल्या?”

“रोजच्या. आन बाईंनी काल रातीच सांगितलं हुतं, वर दोघींच्या बांधून ठेव. दुपारच्या गाडीला.”

नाथाजीनं मान हलवली. मग दीक्षाची मैत्रीण अक्षता हिला बोलावलं. पेपरला जायची तिची तयारी झाली होती, पण डोळे सुजले होते.

“काल दीक्षा कशी होती?”

“आधी बरी होती. मग बाईंनी तिच्या डोक्याला तेल लावलं.”

“रोज लावतात?”

“बाई?” अक्षताला एवढ्यातही हसू आलं. “केस सुटले तर छडी देतात. काल तेल लावलं, वेणी घातली, आपल्या खोलीत झोपायला नेलं. दीक्षा जाताना माझ्या कानात म्हणाली, अक्षे, घरी कायतरी झालंय गं.”

नाथाजी वाकला. फोन उचलून नाकाशी धरला. खोबरेल तेलाचा वास. डायलच्या भोकांतही तेल, आणि कुलपाच्या तोंडात वाकलेली केसाची पिन.

तो सरळ उभा राहिला.

“फोन गोदावरीबाईंनी घेतला,” तो म्हणाला.

तो बाईंकडं वळला.

“तुमी कधी कुणाला तेल लावत न्हाई. काल एकाच पोरीला लावलं. तिच्या आईचं तुमाला ठाऊक झाल्याबिगर ही माया आली न्हाई. दुपारच्या गाडीला दोघींच्या भाकरी. एक तुमी, दुसरी कोण?”

गोदावरीबाई भिंतीला टेकल्या.

“एकच पेपर होता,” त्या म्हणाल्या. “गणिताचा. ती बोर्डात येणार होती. पेपर सुटला की मीच तिला सांगलीला घेऊन जाणार होते. रात्री तिनं घरी फोन मागितला. मी म्हटलं, पेपरनंतर. सकाळी अंथरूण रिकामं. वाटलं, कळलं असेल तिला, सांगलीलाच गेली असेल.”

“बाई,” केरू म्हणाला. “मी तुमाला येळ सांगितला हुता ना.”

“ती सांगलीला गेली न्हाई,” नाथाजी म्हणाला. “आईला हलवलंय हे तिला कुणी सांगितलंच न्हाई. तिला नुसतं तेलावरनं कळलं. रात्री तुमी झोपल्यावर ती हितं आली, पिननं कुलूप काढाय बघितलं. निघालं न्हाई. मग पहाटे आईकडं गेली. तिच्या लेखी आई म्हसवडला हाय.”

केरू दाराकडं निघाला. “घराला कुलूप हाय सायेब.”

“मास्तर, किल्ली.”

सरांना खिसा सापडेना. नाथाजीनं कुलूप काढलं, म्हसवड पोलीस ठाण्याला फोन लावला, वस्ती सांगितली, जीप मागितली. केरूला त्यानं सांगलीच्या गाडीत बसवून दिलं. मग फोनशेजारी बसून राहिला. गोदावरीबाई समोर उभ्याच होत्या. ‘बसा,’ असं त्यांना कुणी म्हणालं नाही.

फोन वाजला. मुलगी दाराच्या पायरीवर सापडली होती. आता ठाण्यात आणली होती.

“द्या तिच्याकडं,” नाथाजी म्हणाला, आणि रिसीव्हर त्यानं गोदावरीबाईंपुढं धरला. “काल घेतलेला निरोप हाय. द्या.”

त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला.  पलीकडून मुलीचा आवाज नाथाजीलाही ऐकू येत होता. “कोण हाय? आय कुटं हाय माझी?”

भामाबाई त्याच दिवशी संध्याकाळी गेली. केरू जवळ होता. दीक्षाला सांगलीला नेणारी जीप तेव्हा तासगावच्या अलीकडं होती.

पुढच्या आठवड्यात नाथाजी वसतिगृहात आला. फोनला पुन्हा कुलूप होतं.

“मुलगी तर सापडली,” मधुकर सर म्हणाले. “आता काय गुन्हा लावताय?”

“निरोप न दिल्याचं कलम न्हाई.” नाथाजीनं टेबलावरची किल्ली घेतली, कुलूप काढलं आणि खिशात टाकलं.

“अहो, हे काय?”

“मुद्देमाल.”

“उद्यापासून मुली दिवसभर फोनवर बसतील.”

“बसू द्या,” नाथाजी म्हणाला. “घरी समदी बरी हायत का, एवढंच इचारतील.”