दोघांमधली जागा

"ती मला त्या घरात झोपू देत नाही," पाहुणी म्हणाली आणि रुमाल नाकाला लावून लागोपाठ शिंकली.

घारूताईंनी पाण्याचा पेला पुढे केला. खासगी तपासाचं काम त्या घरातूनच करायच्या. मदतीला दीर होते. कुठल्याही प्रकरणात दिरांना पहिला संशय भुताचाच यायचा.

'ती' म्हणजे पाहुणीच्या नवऱ्याची वारलेली पहिली बायको. लग्न होऊन आल्यापासून पाहुणीची झोप उडाली होती. पहाटे नाक चोंदायचं, डोळे चुरचुरायचे, छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं. माहेरी गेली की ठणठणीत. एकदा रुसून बाहेरच्या खोलीत चटईवर झोपली, तेव्हाही नाक मोकळं होतं. नणंद म्हणायची, पहिलीला तू खपत नाहीस.

"कूस बदलली की वाटतं, आमच्या दोघांच्या मधे कुणीतरी झोपलंय. हे थांबलं नाही तर मी कायमची माहेरी जाणार, ताई."

दिरांच्या अंगावर काटा आला. ताईंनी मात्र विचारलं, अंथरूण झटकताना काय होतं? तेव्हा तर शिंकून शिंकून जीव नकोसा होतो, ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ताई आणि दीर त्या घरी गेले. नणंद फटकळ होती. पहिल्या वहिनीचे कपडे, कपाट, अगदी गादीसुद्धा दादाने वाटून टाकली, म्हणून तर तिचा जीव इथे अडकलाय, असं तिने ठणकावून सांगितलं. नवरा छापखान्यात कामाला, अबोल. जुनी गादी जाळली, एवढं बोलून तो खिडकीकडे बघू लागला. आताची नवी कोरी, नणंद म्हणाली. दादाने गादीवाल्यासमोर दिवसभर बसून करून घेतलेली.

खोली लख्ख होती, तरी आत शिरताच दिरांचा आवाज आपोआप खाली गेला. ताईंनी गादीच्या शिवणीतून डोकावणारा कापूस बोटांवर घेतला. तो करडा होता.

त्यांनी सगळ्यांना तिथेच बोलावलं.

"वहिनी, भुताला काय समजावणार?" दीर कुजबुजले.

"भुताला छळायचंच असतं, तर त्याने चटईवरही छळलं असतं, भाऊजी. त्रास या बिछान्यात आहे."

जुन्या कापसात धुळीतले बारीक किडे वाढतात, त्या म्हणाल्या. डोळ्यांना दिसत नाहीत, पण काहींच्या नाकाला सोसत नाहीत. काहींना त्यांचा पत्ताही लागत नाही. नवऱ्याचं तसंच होतं.

"पण गादी तर नवी आहे," दीर म्हणाले.

"खोळ नवी आहे. कापूस करडा आहे, म्हणजे जुना. यांनी जुनी गादी बहिणीला सांगताना वाटून टाकली, मला सांगताना जाळली. खरं असतं तर एकच सांगितलं असतं. हे दिवसभर तिथे बसले, कारण तोच जुना कापूस पिंजून परत भरतात ना, हे यांना डोळ्यांनी बघायचं होतं."

नवरा गादीच्या कडेवर बसला. "ती शेवटपर्यंत त्याच गादीवर होती. टाकवेना मला."

ताईंनी उपाय सांगितले. नव्या कापसाची गादी, घट्ट विणीची खोळ, चादरी दर आठवड्याला गरम पाण्यात, झाडण्याऐवजी ओलं फडकं. छातीचं मात्र डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

"नाक बरं होईल," पाहुणी नवऱ्याकडे बघत म्हणाली. तिला फार वाईट वाटलं होतं. "पण पहिलीला मी खपत नाही असं मला ऐकावं लागत होतं आणि तुम्ही गप्प बसलात. सांगितलं असतंत, तर आपण दोघांनी मिळून तिला निरोप दिला असता."

तो उठला आणि गादीचं एक टोक उचलून तसाच उभा राहिला.

तिने ओढणी नाकावर बांधली आणि दुसरं टोक धरलं.