कोंबडी ला ब्रेव्हीनची

शनिवारच्या बाजारात मी एक निळसर अंडं उचललं आणि कपाळावरचं भिंग डोळ्यावर ओढलं. स्वित्झर्लंडमधल्या आमच्या ल लोक्ल गावात भिंग लावून फिरणाऱ्याकडे कोणी वळून बघत नाही; निम्मं गाव घड्याळांच्या कामात आहे. पण अंडी विकणारा तरुण मुलगा बघत होता.

"पिल्लू दिसतंय का आत?"

"रंग बघतेय."

"निळा आहे. भिंगाशिवायही दिसतो."

मी चिमट्याच्या टोकाने अंडं तिथेच फोडलं. कवचाची कड आतपर्यंत निळी! मला दुसरं काही सुचेना. घड्याळाच्या तबकड्यांवर मी अंड्याच्या कवचाची नक्षी बसवते. तांदळाच्या कणीएवढे तुकडे, एकेक करून, आणि मग वरून लाख चढवून घासायचं. मागच्या खेपेला तपकिरी कवचं घेतली होती. तो रंग फक्त वरचा लेप असतो. घासता घासता अख्खी तबकडी पांढरी पडली, आणि आमच्या मालकीणबाई, मादाम कालाम, दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. हा निळा मात्र आरपार होता… कितीही घासा.

बलक माझ्या मनगटावरून कोपराकडे निघाला होता. त्या मुलाने स्वतःचा रुमाल पुढे केला. मी घेतला, तरी त्याने तो लगेच सोडला नाही.

"आतलं वाया घालवणाऱ्यांना मी अंडी देत नाही," तो म्हणाला. "कवच हवं असेल तर वर डोंगरात, ला ब्रेव्हीन गावात यायचं. आतलं आमच्या टेबलावर खायचं."

त्याचं नाव योरिस. मी क्लेलिया. त्या वसंतात मी जितकी ऑम्लेट खाल्ली, तितकी आधीच्या सगळ्या आयुष्यात खाल्ली नव्हती.

एकाच छटेची कवचं हवीत तर कोंबडीही एकच हवी. ती होती ऑर्तान्स. योरिसच्या मावशीचं नाव तिला दिलं होतं. दोघीही टोचतात, म्हणून. मी कवच सोलत बसायचे आणि तो समोर बसून प्रश्न विचारायचा. एकदा मी त्याच्या नखावर एक तुकडा ठेवला आणि सांगितलं, श्वास रोखून धर, नाहीतर उडेल.

"तू इतकी जवळ असताना रोखणं सोपं आहे," तो पुटपुटला. "सोडायचा कधी — तेवढं सांग."

तुकडा उडालाच. आम्ही दोघं टेबलाखाली शोधत राहिलो… बराच वेळ. तुकडा सापडला नाही. फार नीट शोधलाही नाही.

तबकडी तयार झाली. आमच्या तबकड्या घेणाऱ्या घड्याळ कंपनीचे साहेब जिनिव्हाहून आले, त्यांना ती फार आवडली. नावडला तो फक्त एक शब्द, कोंबडी. गुरुवारी गिऱ्हाईकं कार्यशाळेत येणार होती. मी त्यांच्यापुढे काम करायचं आणि सांगायचं, की हे अँडीजमधल्या एका दुर्मीळ पक्ष्याचं कवच आहे. या जातीच्या कोंबड्यांचे पूर्वज तिकडचेच, म्हणजे अगदीच खोटं नाही, असं मादामनी समजावलं. आणि नाहीच जमलं, तर कवचाचं टेबल बंद. मी छपाई विभागात, तबकड्यांवर आकडे छापायला.

हे मी योरिसला त्याच्या ओसरीत सांगितलं. मे महिना होता, तरी बर्फ भुरभुरत होतं, आणि कुरणातली पिवळी फुलं एकेक करून मिटत होती.

"म्हणजे गुरुवारी आम्ही कोणीच नाही," तो म्हणाला. "ती नाही, मी नाही, हे अंगण नाही."

"माझं टेबल जाईल, योरिस."

"मग सांग तसं. अंडी मी देईन… फाटकाशी ठेवत जाईन. आत यायची गरज नाही."

गुरुवारी माणसं आली. पांढरे हातमोजे, हातात शॅम्पेनचे ग्लास. माझ्या चिमट्यात तुकडा होता तेव्हाच एका बाईंनी विचारलं, हा पक्षी कुठला? मादामनी माझ्याकडे पाहिलं. मी आधी तुकडा जागेवर बसवला, मग मान वर केली.

"कोंबडी आहे. ला ब्रेव्हीनची. नाव ऑर्तान्स. टोचते."

साहेब हसले. आमच्या कारागीर बाई गंमत करतायत, म्हणाले.

"गंमत नाही. रंग आरपार आहे, हवं तर फोडून दाखवते. तुम्ही तुमच्या त्या पक्ष्याचं एक पीस तरी दाखवा."

कोणीतरी ग्लास खाली ठेवला. एवढाच आवाज झाला.

सगळे गेल्यावर मादाम म्हणाल्या, सोमवारपासून छपाईत. मी नाही म्हटलं. कवचाचंच काम करीन, कुठेही करीन, आणि कोंबडीचं नाव सांगून करीन.

"घमेंड आहे तुला."

"आहे, मादाम."

भिंग आणि चिमटे माझे स्वतःचे होते. ते घेतले आणि वर जाणारी पिवळी बस पकडली.

योरिस कुंपणाच्या तारा ताणत होता. मला बघून म्हणाला, अंडी फाटकाशी ठेवली आहेत. मी म्हटलं, अंडी नकोत. आणि गुरुवार सगळा सांगितला, ग्लासच्या आवाजासकट.

"टेबल गेलं?"

"गेलं."

त्याच्या हातातली तार सैल पडली. "माझ्यासाठी केलंस?"

"नाही. खरं होतं म्हणून केलं." मी चिखलात एक पाऊल पुढे आले. "तुझ्यासाठी इथे आलेय… ते काम वेगळं आहे. माझं प्रेम आहे तुझ्यावर. हेही मी कोणापुढेही सांगेन. तुझ्या मावशीपुढेसुद्धा."

तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. हात चिखलाने माखलेले, म्हणून तो ते मागे धरून उभा राहिला. मी ते पुढे ओढले आणि माझ्या पांढऱ्या कामाच्या कोटावर ठेवले.

खाली जाणारी शेवटची बस फाटकाशी येऊन थांबली. चालकाने भोंगा वाजवला, मग पुन्हा वाजवला. मी मागे न वळताच हात हलवला — जा.