पंधरा मिनिटं पुढचं घड्याळ

मोबाईल खिशात घाला आधी. गोरक्षनाथ, तुझी ती बॅटरीपण बंद कर. भ्यायचं असेल तर नीट अंधारात भ्यावं. आणि मधेच 'काका, खरंच का?' असं कुणी विचारलं, तर मी उठून घरी जाईन. सांगून ठेवतो.

ज्याच्याबाबतीत हे घडलं तो अंगद माझा साडू. संगमनेरच्या खाली प्रवरेच्या काठी त्याचं गाव. ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर ऑपरेटर आहे. पलीकडच्या काठावरून गावात यायला एकच वाट, फरशी पूल. धरणातून पाणी सोडलं की फरशी बुडते. पंचायतीचा शिपाई आसाराम तिथंच वाहून गेला. रात्रीचा घरी निघाला होता, पाणी येतंय हे त्याला कुणी सांगितलंच नाही. त्यानंतर गावाला जाग आली आणि पंचायतीच्या छतावर भोंगा बसला. पाणी फरशीवर यायच्या पंधरा मिनिटं आधी तो वाजतो. वाजवतो कॉम्प्युटर, स्वतःच्या घड्याळाप्रमाणे. ते घड्याळ चुकलं की संपलं.

आसारामची एक सवय होती. ऑफिसातलं भिंतीवरचं घड्याळ तो पंधरा मिनिटं पुढे ठेवायचा. "घड्याळ पुढंच असावं, मंग गाडी चुकत न्हाई," म्हणायचा. तुमच्या घरी ठेवत नाहीत होय? तो गेला, पण घड्याळ तसंच राहिलं. सगळं गाव त्याच्याकडे बघून मनात पंधरा मिनिटं वजा करायचं.

तर गेल्या वर्षीचा पोळा. श्रावणातली अमावास्या. दुपारी लाईट गेली, दिवेलागणीला आली. पाठोपाठ धरणावरून निरोप आला की दहा वाजता पाणी फरशीवर येईल. अंगद ताटावरून उठला.

"आवो, पोळी तरी खाऊन जावा," त्याची बायको सुरेखा म्हणाली.

"आल्यावर खातो. पूजा यायचीय आज."

पूजा त्यांची एकुलती एक. संगमनेरला दवाखान्यात नर्स आहे. ड्युटी संपवून स्कूटीवर यायची, दहाच्या सुमारास फरशीवर असायची. बापानं तिला पक्कं बजावलं होतं, भोंगा ऐकला की पलीकडंच थांबायचं. गडबडीत अंगदचा मोबाईल घरी चार्जिंगलाच राहिला.

ऑफिसात कॉम्प्युटर चालू केला. त्याच्या आतला सेल गेलेला. लाईट गेली की तो पार दहा-पंधरा वर्षं मागे जायचा. एरवी इंटरनेटवरून आपली वेळ आपण नीट करून घ्यायचा. पण त्या रात्री लाईट आली, नेट काही आलं नाही. अंगदनं मान वर करून भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, सवयीनं पंधरा मिनिटं वजा केली आणि ती वेळ कॉम्प्युटरला लावली. पावणेदहाचा भोंगा लावला. झालं काम.

पण त्याच दुपारी नवीन ग्रामसेविका सुकन्याबाईंनी ते घड्याळ बरोबर करून ठेवलं होतं. कर्जतकडच्या बाई, त्यांना आसाराम काय ठाऊक! आणि अंगदला हे ठाऊक नव्हतं.

म्हणजे कॉम्प्युटर आता पंधरा मिनिटं मागे होता. भोंगा वाजणार होता, तो थेट पाणी आल्यावर.

अंगद निवांत बसला. बाहेर पोळ्याची वाजंत्री थांबली होती. कुत्रीसुद्धा गप्प.

आणि भोंगा वाजला.

तो दचकला. कॉम्प्युटरवर साडेनऊ. भिंतीवर पावणेदहा. त्याच्या हिशोबानं सगळं बरोबर होतं. मग हा आत्ताच कसा वाजला? बंद करायला तो कोपऱ्यातल्या भोंग्याच्या मशीनपाशी गेला.

मशीनचा लाल दिवा… विझलेला.

हात लावला. गार.

भोंगा वाजतच होता. अंगदनं कान दिला. आवाज छतावरून येत नव्हता.

नदीकडून येत होता.

मग तो थांबला. एकदम. जसा कुणी तोंडावर हात ठेवावा…

अंगद परत खुर्चीत बसला, आणि मग त्याला उठवेना. मान वळवून मागे बघवेना. मागे भिंत होती. भिंतीवर घड्याळ. टिक… टिक… दुसरं काही नाही. किती वेळ गेला, त्याला कळलं नाही.

मग घरघर ऐकू आली. पाण्याची.

आणि त्याच्यासमोर… मशीनचा लाल दिवा लागला. छतावरचा भोंगा वाजला.

आता.

"पूजाऽऽ!" करत अंगद अनवाणी पळत सुटला. ऑफिसला कुलूप लावून किल्ली खिशात कधी टाकली, हेही त्याला आठवत नाही. काठावर आला तर फरशी दिसतच नव्हती. नुसतं काळं पाणी. पलीकडे एक दिवा.

"पप्पा! हिकडंच हाय मी!"

"कवा थांबलीस?"

"मघाच! भोंगा झाला तवा!"

अंगद तिथंच चिखलात बसला आणि लहान पोरासारखा रडला.

सकाळी दोघांनी मिळून ऑफिस उघडलं, अंगद आणि सुकन्याबाई. किल्ली रात्रभर त्याच्याच खिशात होती. बाई आत आल्या, वर बघितलं आणि चिडल्या.

"अंगदभाऊ, पुन्हा पुढं केलं का हो हे? मी काल नीट लावलं होतं."

घड्याळ पंधरा मिनिटं पुढे होतं.

अंगदनं स्टूल ओढलं. स्टुलावर चढला. घड्याळ खिळ्यावरून काढलं, उलटं केलं…

मागच्या खोबणीतून मूठभर वाळू टेबलावर पडली. नदीची. ओली.