आतल्या चाकाची हवा

आधी व्हीलकॅप पळाली, तिच्यामागून ती.

वळणावर गाडीला हिसका बसला आणि पुढच्या डाव्या चाकावरची चकचकीत कॅप निसटून गडगडत सुटली... जणू तिला कुणाकडे तरी वेळेवर पोचायचं होतं. तिनं रस्ता ओलांडला, दोन सायकलींना चुकवलं आणि एका दुकानाच्या दारात स्टुलावर बसलेल्या माणसाच्या बुटाशी जाऊन, स्वतःभोवती तीन गिरक्या घेऊन, निवांत पडली. गाडी कडेला लावून ही धापा टाकत पोचली, तेव्हा तो कॅपचा चेपलेला काठ अंगठ्यानं चाचपत होता. डोक्यावर पाटी होती: टायर, रिम, व्हीलकॅप.

"ही तुमची?" त्यानं विचारलं.

"आत्तापर्यंत होती."

"गिऱ्हाइकाच्या आधी कॅप दुकानात आली, असं पहिल्यांदाच झालं."

तिला हसायचं नव्हतं. हसली. गोंधळ सुरू झाला तो तिथंच.

तिचं घर मधमाश्यांवर चालायचं. जिथं फुलोरा तिथं पेट्या. बाप-लेक दोघं मिळून चाळीस पेट्या पिकअपवर चढवून गावोगाव न्यायचे. ओझं भारी, म्हणून गाडीला मागे दोन्ही बाजूंनी जोडचाकं. त्याच आठवड्यात बाबांनी किल्ली तिच्या तळहातावर ठेवली होती. म्हणाले, आता गाडी तुझी, तिचं काय करायचं ते तूच ठरव. शनिवारी संध्याकाळी सूर्यफुलांच्या शेतांकडे निघायचं होतं, ते थेट तीन महिन्यांसाठी. आज सोमवार.

चेपलेली कॅप सरळ होणार नाही आणि त्या नक्षीची सुटी मिळणार नाही, असं त्यानं सांगितलं. नवा संचच घ्यावा लागेल. मग सहा द्या, ती म्हणाली; चाकं सहा आहेत. त्यानं चारच लागतात म्हणून सांगितलं. मागच्या जोडीतलं आतलं चाक बाहेरून दिसतच नाही, त्याला कुणी सजवत नाही.

"वजन तर तेही उचलतं ना?"

"बरोबरीनं उचलतं," तो म्हणाला, आणि तिच्याकडे बघतच राहिला... तिनं उगाचच ओढणी सारखी केली.

त्यानं फळीवरून कॅप काढून मांडल्या. एक पाकळ्यापाकळ्यांची, एक साधी घासल्या स्टीलची, एक काळी. पुढच्या चाकाची कॅप फुगीर, मागच्याची खोल, परातीसारखी. फुगीर कॅपमध्ये तिला आपलं इवलंसं तोंड दिसलं आणि खांद्यामागे सगळं दुकान. खोल कॅपमध्ये तो दिसला, उलटा, पाय वर डोकं खाली. तिला काहीच ठरवता येईना. उद्या येते म्हणाली.

मंगळवारी तिला पाकळ्यांची आवडली, तर त्यानं स्टीलचं कौतुक केलं. बुधवारी ती स्टीलच घ्यायची म्हणून आली, तर म्हणाला, पाकळ्यांची तुमच्या गाडीला शोभून दिसेल. घरी जाताना ती स्वतःशीच भांडली. हा सगळ्याच गिऱ्हाइकांना असं घोळवतो? की मीच घोळात आहे? बाकीच्यांशीही हा असाच डोळे खाली घालून बोलतो का? विचारणार कुणाला... आणि विचारणार तरी काय?

बाबांनी जेवताना एवढंच विचारलं की राणीमाशी ओळखायला तुला क्षणही लागत नाही, मग चार पत्रे निवडायला तीन दिवस कसे लागले. तिनं ताटातून मान वर केली नाही.

गुरुवारी त्याच्या आत्यानं तोंड उघडलं. आत्या गल्ल्यामागे बसून नट-बोल्ट आकारवार वेगळे करायच्या आणि गरजेपुरतंच ऐकू येतं असं भासवायच्या.

"बाई, आमचा हा गिऱ्हाइकाला दहा मिनिटांत वाटेला लावतो," आत्या म्हणाल्या. "तुमचा आज चौथा दिवस. दोष कुणाचा, ते मी विचारत नाही."

ती कानापर्यंत लाल झाली आणि घाईघाईनं पाकळ्यांच्या कॅपवर बोट ठेवलं. शुक्रवारी दुपारी बसवून देतो, तो म्हणाला. आवाजात आनंद नव्हता. की होता? तिला तेही कळलं नाही.

शुक्रवारी तो गुडघ्यावर बसून काम करत होता आणि ती जुन्या टायरवर बसून बघत होती. त्याचे हात बघण्यासारखे होते. काळे, शांत, कधीच घाई नसलेले. मध्येच त्यानं विचारलं की पेट्या इतक्या लांब नेल्यावर माश्या हरवत नाहीत का. तिनं सांगितलं, नव्या जागी दार उघडलं की त्या लगेच फुलांकडे धावत नाहीत. आधी पेटीकडे तोंड करून उडतात, पाठीपाठीनं, थोडं दूर जातात, पुन्हा बघतात. आपलं घर नीट डोळ्यांत भरून घेतात, मगच वळतात. तो ऐकत राहिला. हातातला पाना कितीदा तरी नुसताच फिरला.

निघताना दोघंही दारात रेंगाळले. तीन महिने, ती म्हणाली. हो, तीन महिने, तो म्हणाला. बस्, एवढंच.

शनिवारी दुपारी ती पंपावर हवा भरायला गेली. माश्या संध्याकाळी घरी परतल्यावरच पेट्या चढवायच्या, त्याआधी गाडी तयार हवी. बाहेरच्या चाकांत हवा भरली गेली. आतल्या चाकाचा व्हॉल्व्ह मात्र सापडेना. बाहेरच्या चाकाच्या कॅपला त्यासाठी भोक असतं, पण ते भलतीकडेच आलं होतं, आणि व्हॉल्व्ह पाकळीमागे लपला होता. कॅप काढल्याशिवाय हवा भरणं शक्य नव्हतं, आणि ती काढायची म्हणजे त्याच दुकानात जायचं. ती घरी परतली तेव्हा बाबांनी वाकून पाहिलं, मिशीतल्या मिशीत हसले आणि तिला म्हणाले, जा बाई, तूच जा.

वाटभर तिचं डोकं भणभणत होतं. वर्षानुवर्षं हेच काम करणारा माणूस इतकं साधं चुकेल? मुद्दाम केलं असेल... मी परत यावं म्हणून? मग तर भांडायलाच हवं. मग ओठांवर हसू का येतंय?

"हे मुद्दाम केलंत?" गाडीतून उतरता उतरता तिनं विचारलं.

तो वाकला. कॅपवरून बोट फिरवलं. उभा राहिला तेव्हा चेहरा पडला होता.

"नाही," तो म्हणाला. "चुकलं माझं."

तिच्या आत काहीतरी फसकन बसलं. एवढंच होतं तर. साधी चूक.

"नेहमी होतं असं?"

"दहा वर्षांत पहिल्यांदा." तो पान्याकडे बघत बोलत होता. "तुम्ही माश्यांचं सांगत होतात. पेटीकडे तोंड करून उडतात, ते. मी ऐकत होतो. हात काय करत होते, मला ठाऊक नाही."

"मला ठाऊक होतं," आतून आत्या म्हणाल्या, आणि नट पुन्हा खणखणू लागले.

त्यानं कॅप उतरवली, फिरवली, भोक व्हॉल्व्हसमोर आणून पक्की केली. दुसऱ्या बाजूचीही. आतल्या चाकांत हवा खरोखरच कमी होती. त्यानं ती भरली. मग हात पुसत म्हणाला, "आता कुठल्याही पंपावर भरता येईल. इथं यायची गरज नाही."

बोलून गेला आणि स्वतःच ओशाळला, जणू आपणच दार लावून किल्ली बाहेर फेकली.

तिनं एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. गेले पाच दिवस काहीच ठरत नव्हतं. आता ठरायला एक श्वास पुरला.

"मग होती तशीच बसवा परत."

तो चमकला. मग नकारार्थी मान हलवली.

"तसं नाही करणार. चाळीस पेट्यांचं ओझं, आणि गाडीत तू... तुम्ही. आतल्या चाकातली हवा गेली तर बाहेरून कळतसुद्धा नाही. ती दर आठ दिवसांनी बघावीच लागते. मी येत जाईन बघायला."

"तीन महिने? दोन तासांची वाट आहे."

"माहीत आहे. पाणंदीतून आत शिरायचं, विहिरीपाशी डावीकडे."

"कुणी सांगितलं?"

"तुमच्या बाबांनी. परवा येऊन गेले. कॅप बघायला आलो म्हणाले, पण एकीलाही हात लावला नाही. मलाच बघून गेले."

तिला रागही आला, हसूही आलं, आणि डोळ्यांत पाणी का आलं ते कळलं नाही. कळायची घाईही उरली नव्हती. येताना हवेचा मीटर विसरू नका, एवढंच ती म्हणाली, आणि गाडीत बसली.

दुकानासमोरच्या चिंचोळ्या अंगणात वळायला जागा नव्हती. गाडी रिव्हर्समध्येच रस्त्यापर्यंत न्यायची. आरशात बघून ती मागे सरकायची, थांबायची, पुन्हा समोर बघायची. काचेपलीकडे दार, पाटी, स्टूल, आणि दारात उभा असलेला तो. थोडं मागे, पुन्हा एकदा समोर. सगळं डोळ्यांत नीट भरून घेतलं...

आणि मगच ती वळली.