सगळ्यांच्या आधीचं हसू

राजदीपची एक खोड बायनाबाईच्या डोक्यात जायची. कोणतंही काम सांगा, तिचा हा पोरगा मान डोलावून म्हणायचा, "पुढच्या वेळी नक्की." त्याची पुढची वेळ कधी उजाडलीच नाही.

त्याच खोडीतून हे घडलं, आणि घडलं तसंच इथे आहे. ज्याला पटत नाही त्यानं खुशाल उठून जावं. गोंडपिपरी तालुक्यातल्या तिच्या गावात कुणालाही विचारा, बायनाबाई कमी शिकलेली आहे, तोंडाची फटकळ आहे, पण खोटारडी नाही. भूतखेत मानणारी तर मुळीच नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेलं घर. गल्लीत कुणाच्या अंगात आलं की हीच तांब्याभर पाणी घेऊन जायची आणि तोंडावर मारून यायची.

यंदाचा फेब्रुवारी. शनिवार, संध्याकाळचे सात.

चंद्रपूरच्या एका सभागृहात स्टँडअप कॉमेडीचा कार्यक्रम होता.

पण आधी तिच्या नवऱ्याचं सांगायला हवं. सोमाजीचा जन्म मोहफुलं वेचण्यात आणि तेंदूपत्ता तोडण्यात गेला. जंगल वाघाचं, म्हणून माणसं रांगेनं चालतात. पुढचा मधूनमधून हाक देतो, "मागं कोण?" शेवटचा ओरडतो, "मी आहो." उत्तर आल्याशिवाय कुणी पाऊल उचलत नाही. चाळीस वर्षं ते शेवटचं उत्तर सोमाजीचंच असायचं.

म्हातारपणी त्याला मोबाइलवर या हसवणाऱ्या पोरांचा नाद लागला. त्यातही ब्रह्मपुरीकडचा श्रीहरी म्हणजे त्याचा जीव की प्राण. एकेक किस्सा पन्नासदा पाहिलेला. त्यामुळे सोमाजी नेहमी आधीच हसायचा. श्रीहरीचं वाक्य पुरं व्हायच्या आत मांडीवर थाप, मग हसू, आणि हसण्याच्या शेवटी घशात बारीक शिट्टी. बायनाबाई करवादायची, त्या पोराले बोलू तं द्या.

राजदीप चंद्रपूरला नोकरीला. तोही बापासारखाच वेडा. नागपूर असो, पुणे असो, जिथे कार्यक्रम तिथे हा हजर. कलाकारांसोबतचे फोटो पाठवायचा आणि बापाला सांगायचा, श्रीहरी चंद्रपुरात येऊ द्या बाबा, तुमाले पुढं बसवतो.

श्रीहरी मागच्या वर्षी आला.

सोमाजीनं त्यासाठी नवा पांढरा सदरा घेतला. दुपारीच अंगात घालून, वरचं बटण लावून, फाट्यावर बसची वाट पाहत बसला. चार वाजता राजदीपचा फोन आला. तिकिटं संपली बाबा. पुढच्या वेळी नक्की.

सोमाजी शेवटची बस जाईपर्यंत तिथेच बसून राहिला.

थंडीत तो गेला. त्याच सदऱ्यात त्याला निरोप दिला.

तेव्हापासून बायनाबाईच्या मनात एक काटा होता. महिनाभर आधी तिकिटं काढून ठेवणाऱ्या पोराला नेमकं बापाचंच तिकीट कसं मिळालं नाही? तिनं चारदा विचारलं. चारही वेळा उत्तर एकच, "जाऊ दे ना आई."

यंदा श्रीहरी परत आला. राजदीपनं तीन तिकिटं काढली, पण त्याची बायको रंजीता तापानं पडली. मायलेक दोघंच गेले. तिसरी रांग. आधी राजदीप, मग बायनाबाई, आणि कडेची खुर्ची रिकामी. तिनं त्या खुर्चीवर आपली कापडी पिशवी ठेवली.

दिवे गेले. मंचावर श्रीहरी आला. लोक शिट्ट्या मारू लागले.

थोड्या वेळानं पाण्याची बाटली काढायला तिनं बाजूला हात नेला...

पिशवी नव्हती.

पिशवी तिच्या पायापाशी होती. बंद वर करून, नीट उभी ठेवलेली. खाली पडलेली पिशवी अशी उभी राहत नाही.

कुणीतरी जाता-येता ठेवली असेल, असं तिनं स्वतःला बजावलं.

श्रीहरी सासरवाडीचा किस्सा सांगत होता. सभागृह कान देऊन ऐकत होतं. हसायची जागा अजून यायची होती...

थप्प.

मांडीवर थाप पडली. मग हसू आलं. सगळ्यांच्या आधी.

आणि शेवटी... बारीक शिट्टी.

बायनाबाईच्या हातातली बाटली तशीच राहिली. तिनं मान वळवली.

खुर्ची रिकामी होती.

पण श्रीहरी बोलायचा थांबला होता. डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून तो त्याच खुर्चीकडे बघत होता.

"काकाजी, तुमाले तं आधीच माहीत आहे. या, तुमीच सांगा."

लोक हसले. त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमच.

"कुठून आले, काकाजी?"

बायनाबाईला काहीच ऐकू आलं नाही. श्रीहरीनं मात्र मान डोलावली.

"गोंडपिपरीकडून. बरं. मागच्या वर्षी काऊन नाई आले?"

श्रीहरी पुन्हा खुर्चीकडे कान देऊन उभा राहिला. या वेळी जास्त वेळ...

श्रीहरी खदखदून हसला. "आयका हो मंडळी. काकाजी म्हणते, पोरानं माही खुर्ची सायबाले देली."

सगळं सभागृह हसलं.

राजदीप हसला नाही. त्यानं एकदा आईकडे पाहिलं आणि मान खाली घातली, ती कार्यक्रम संपेपर्यंत वर केली नाही.

बाहेर पडताना दाराशी श्रीहरी लोकांसोबत फोटो काढत होता. बायनाबाईला पाहून त्यानं विचारलं, पांढऱ्या सदऱ्यातले काकाजी कुठी गेले? वरचं बटण लावलेले, ते. तिनं सांगितलं, खुर्ची रिकामी होती. श्रीहरी हसला. मग तिच्या तोंडाकडे पाहून हसायचा थांबला.

गाड्या लावल्या होत्या तिथे राजदीप किल्ली हातात धरून उभा राहिला. "आई, त्या वर्षी बदलीचं चालू होतं... सायबानं तिकीट मांगतलं. घरी गेल्यावर सांगतो सगळं. आज नको, पुढच्या..."

पुढचा शब्द त्याचा त्यानंच गिळला.

गावात हे सांगायला बायनाबाईला दोन महिने लागले. ज्यांच्या तोंडावर पाणी मारलं त्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं? याचाच तिला अजून राग येतो. आजही मोबाइलवर कुणी किस्सा लावला की ती उठून बाहेर जाते. हसायची जागा यायच्या आत.

त्या रात्री मात्र, कशी कोण जाणे, गाडीत बसायच्या आधी तिच्या तोंडून जंगलातली हाक निघाली.

"मागं कोण?"

मोटरसायकलींच्या रांगेच्या पार शेवटी, जिथे दिवा नव्हता तिथून...

"मी आहो."

राजदीपच्या हातातून किल्ली खाली पडली. म्हणजे त्यानंही ऐकलं होतं. बायनाबाईनं त्याला वाकू दिलं नाही. दंड धरून सरळ उभं केलं.

"तुहा बाप चाळीस वर्षं वाघाच्या जंगलात सगळ्याच्या मागं चालला, पर त्यानं एक माणूस मागं सोडला नाई. तू उजेडाच्या शहरात आपला बाप फाट्यावर सोडून देला. मी तुले माफ करीन का नाई, मले माहीत नाई. पर पुढची वेळ कोणती, ते आता तुहा बाप ठरवन."