गालावरचा खळगा

त्या टेकडीवर मी गेलो तो निव्वळ कामासाठी. पन्नास वर्षं दगड कोरतोय, बहुतेक नावाच्या पाट्या आणि कोनशिला. भुताखेतांशी माझा कधी संबंध आला नव्हता. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, मुलीलाही मी हे पुरतं सांगितलेलं नाही.

अणुवीज केंद्राचा कचरा त्या टेकडीच्या पोटात खोल पुरलाय. हजारो वर्षं त्याचं विष उतरत नाही म्हणतात. पुढे कधीतरी येणाऱ्या माणसांनी तिथे खणू नये म्हणून वर आठ दगड उभे करायचे होते.

कामावरचे साहेब शांत माणूस. पहिल्याच दिवशी म्हणाले, "सात दगडांवर अक्षरं कोरा. पण अक्षरांवर माझा भरवसा नाही. दहा हजार वर्षांनी आपली भाषा कुणाला येणार? आठव्यावर चेहरा हवा. किंचाळणारा, माणसाएवढा उंच. बघणारा आल्या पावली परत गेला पाहिजे."

"जमेल," मी म्हटलं.

"आणि मिस्त्री, घासायचं नाही. छिन्नीचे घाव तसेच राहू द्या. देखणी वस्तू दिसली की माणूस हात लावतो, मग जवळ बसतो, मग खाली काय आहे ते उकरून बघतो."

किंचाळणारा चेहरा मी आयुष्यात एकच जवळून पाहिला होता. मुलगी सहा वर्षांची असताना स्टोव्हवर तिचा हात भाजला, तेव्हाचा तिचा. तोच कोरला. शेवटच्या दिवशी डाव्या गालावरचे छिन्नीचे घाव मला बघवेनात. आमच्या धंद्यात दगड सोडताना ओल्या वाळूने त्याच्यावरून हात फिरवायची रीत आहे. वडील म्हणायचे, त्याशिवाय दगड दुसऱ्याच्या हवाली करू नये. जित्याची खोड, दुसरं काय. म्हटलं, एवढा एकच गाल. घासला, आणि करायला गेलो एक, झालं भलतंच. तो चेहरा आता कुणाला हाकलत नव्हता. मला उचलून घ्या म्हणत होता.

साहेबांनी तो खालून, कुंपणाजवळूनच बघितला. "अंगावर काटा आला हो," म्हणाले. तेव्हाच सांगायला हवं होतं की माझ्या हातून चूक झालीय, दगड उतरवा. पण कौतुक गोड लागलं आणि मी मूग गिळून बसलो. तो पस्तावा अजून गेलेला नाही.

दीड महिन्याने अक्षरांत रंग भरायला पुन्हा गेलो. गाडी मुलीने चालवली. "बाबांना घरी बसवलं तर उंबरठा घासून काढतील," असं ती चौकीदाराला म्हणाली आणि खालीच थांबली. चौकीदाराने कुलूप काढलं. "तुम्ही गेल्यापासून इथे कुणी फिरकलेलं नाही. किल्ली माझ्याकडेच असते."

भर दुपार होती. वारा पडलेला. वर पोचलो तसा नुकत्याच उकरलेल्या ओल्या मातीचा वास आला, पण जमीन तर कोरडी ठणठणीत होती. आठव्या दगडाच्या डाव्या गालाला खळगा पडला होता. जुन्या पायऱ्या मधोमध झिजतात, तसा. काळा दगड असा झिजायला किती पिढ्यांचे हात लागतात ते मला ठाऊक आहे. मी त्यात तळवा ठेवला. सावलीतला दगड, पण गरम होता.

मग ऐकू आलं... आधी पावलं, पुष्कळ, अनवाणी. मग बोलणं. एक शब्द कळेल तर शपथ. पण सूर कळत होता. रडणाऱ्या पोराला उगी करताना लावतात तो सूर. एक बाई, मग कुणी म्हातारा, मग सगळेच. मधूनच कुणी खोकलं. मग आणखी कुणी... आणि त्या खोकल्याआडून माती उकरल्याचा आवाज. सावकाश, बेताने. आत अडकलेल्या कुणाला तरी इजा न होता बाहेर काढायचं असावं, तसा.

"खणू नका," मी म्हटलं. "अहो, नका... ती तिथे नाहीये. ती खाली गाडीत बसलीय..."

"बाबा, कुणाशी बोलताय?"

मुलगी मागे उभी होती. आवाज थांबले. ती दगडाकडे बघत राहिली. "हे कोण हो?"

"कुणी नाही."

"बिचारं," ती म्हणाली, आणि तिचा हात आपसूक त्या गालाकडे गेला. मी तो मधेच धरला. तळव्यावर भाजल्याचा तो व्रण अजून आहे. मग पिशवीतून छिन्नी-हातोडा काढला आणि छिन्नी बोथट होईपर्यंत तो गाल फोडत राहिलो. आयुष्यात स्वतःचं काम मी एवढं एकदाच बिघडवलं. ती "बाबा, पुरे" म्हणत होती आणि मला रडू आवरत नव्हतं.

चौकीदाराला सांगून ठेवलं होतं, अधूनमधून बघत जा. परवा त्याचा फोन आला.

"मिस्त्री, तुमचे घाव गेले हो. गाल पहिल्यासारखा गुळगुळीत झालाय. आणि आणखी एक खळगा पडलाय, खाली हनुवटीपाशी."

"किती खाली?"



"मोठ्या माणसाला वाकावं लागेल... पाच-सहा वर्षांच्या पोराचा हात पोचेल, एवढाच."