पुढे ढकलत न्या

मॅन्युअल कोणी वाचत नाही, हे मॅन्युअल लिहिणाऱ्याला पहिल्या पगाराआधीच कळतं. तिलाही कळलं होतं. घरगुती यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत ती मॅन्युअलं लिहायची आणि तिची एकमेव वाचक म्हणजे तिची आई. आई चष्मा पुसून धोक्याच्या सूचनेपासून शब्दन् शब्द वाचायची आणि अगदी तस्संच करायची. लेकीने एवढं डोकं फोडून लिहिलंय, आपण मनचं कशाला करा, हा तिचा हिशेब. म्हणून नवा व्हॅक्यूम क्लीनर आणि मॅन्युअलची कच्ची प्रत लेकीने कौतुकाने कालच घरी नेऊन दिली होती.

छपाईआधी एका परक्या माणसाने मॅन्युअल वाचून यंत्र चालवायचं आणि लिहिणाऱ्याने तोंडाला कुलूप लावून बघायचं, अशी कंपनीची पद्धत. या वेळी परीक्षक म्हणून करड्या शर्टातले एक गृहस्थ आले.

"बसा ना," ती म्हणाली.

"तसं लिहिलेलं नाही," ते म्हणाले आणि उभेच राहिले.

तिला हसू आवरेना. असा काटेकोर माणूस मिळायला नशीब लागतं, असंही वाटून गेलं.

गृहस्थांनी प्लग लावला, बटण दाबलं, नळी दोन्ही हातांनी धरली. नाकावर माशी बसली. नाक थरथरलं, हात हलले नाहीत. मग शेवटची सूचना: 'तोंड जमिनीला टेकवून पुढे ढकलत न्या.'

ते निघाले. वाटेत साहेबांची खुर्ची आली. ती बाजूला घ्या असं लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे खुर्चीही त्यांच्यापुढे करकरत निघाली. समोर भिंत होती.

आधी खुर्ची भिंतीत गेली.

"अहो, थांबा!" पद्धत गेली खड्ड्यात, ती ओरडलीच.

गृहस्थांनी फक्त मान वळवली. "कितव्या सूचनेत?"

तिने पान पाहिलं. 'थांबा' लिहायचं राहून गेलं होतं.

वर पाहिलं तेव्हा गृहस्थ नव्हते. भिंत कोरडी, गुळगुळीत होती आणि यंत्राची वायर तिच्यात सावकाश सरकत होती.

साहेबांनी दारातून डोकं घातलं. "झाली चाचणी? कुठे अडले का?"

"नाही," ती म्हणाली. "कुठेच अडले नाहीत."

"वा! मग पाठवा छपाईला. आणि माझी खुर्ची कोणी नेली?"

तिने प्लग उपटला. भिंतीतली घरघर थांबली नाही.

तेव्हा तिला आई आठवली. तिने घरी फोन लावला, पण नंबर लागेना. एकदाचा लागला.

"आई, ते यंत्र लावू नकोस!"

"लावलंय की मघाशीच." मागून घरघर येत होती. "छान लिहिलंयस हो, कुठ्ठे म्हणून शंका येत नाही."

"बंद कर! आत्ताच्या आत्ता बंद कर!"

"अगं, तसं कुठे लिहिलंयस तू?" आईला धाप लागली होती. "पण आपली खोली एवढी लांब आहे, हे माझ्या कधी लक्षातच आलं नाही बघ."

तिला रडू फुटलं. "आई, माझं ऐक ना गं!"

"थांब जरा, इथे एक गृहस्थ काहीतरी विचारतायत." घरघरीत दोन आवाज बोलले. मग आई म्हणाली, "ते म्हणतायत, पुढचं पान कधी येणार?"